झोल

एका बाजूला एकशे आठ कड्या,
दुसऱ्या बाजूला तेवढ्याच.
कडी म्हणजे करंगळीच्या नखावरचा चंद्र,
प्रत्येकीला घासायच्या देठाच्या चार खुणा
आणि एक पिन, जी निसटली
की जेलरोडच्या या ठिपक्यांच्या फरशीवर
पुन्हा सापडत नाही.

डबा दफेदार कचरू गायधनींच्या नातवाचा.
पुण्याहून पाठवला आणि तो कॅनडाला गेला.
दफेदार तळमजल्यावरून धापा टाकत वर आले,
रणगाडा माझ्या टेबलावर ठेवला :
"तुम्ही टूलरूमवाले. जोडा."

सातपूरला एकतीस वर्षं
मी मायक्रॉनवरून भांडलो.
आता चष्म्यावर भिंग चढवतो,
चिमट्यात कडी धरतो
आणि अंगठाच थरथरतो.
तिसऱ्या संध्याकाळी मोजल्या : नऊ.
त्यातली एक उलटी.

मग ठरवलं, सोपं करू.

पत्रकात लिहिलं होतं, बोगी खऱ्यासारखी हलते,
एक चाक दगडावर चढलं की जोडीचं खाली दबतं.
माझ्या टेबलावर दगड कुठला?
खिडकीची जुनी काच आडवी टाकली,
बाराही चाकं तिच्यावर टेकवली,
खालून बसच्या तिकिटाचा कागद सरकत नाही
हे एकेका चाकाशी बघितलं
आणि सांध्यांत सिमेंट सोडलं, थेंब थेंब.
सकाळी गाडी उभी होती,
जन्मभराच्या सपाट जमिनीवर.

पट्ट्याचा वरचा भाग बाजूच्या पत्र्यांमागे जातो.
पत्रे बसल्यावर बघतंय कोण?
वरचे रोलर डब्यातच राहिले.
प्रत्येक बाजूच्या चाळीस कड्या चहाच्या गाळणीत.
खाली जोडल्या, पुढे-मागे वळणावर जोडल्या,
आणि जिथे पत्रा सुरू झाला
तिथे मी थांबलो.
हिशोब चोख होता.
त्या दुपारी देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला,
तावदानं कुरकुरली,
गाळणीतल्या कड्या जरा उडाल्यासारख्या वाटल्या.

दफेदार आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
दुसऱ्याची तारीख पुढच्या महिन्यात.
त्यांनी गाडी बघितली नाही, हातात घेतली.
तोफेवरून बोट, झाकणावरून बोट,
मग मागून, पत्र्याच्या आत, हळूच.

"वर काही नाही."

"दिसत नाही ना, म्हणून..."

"मला कुठं काय दिसतं?"

मी चहाकडे बघत राहिलो.
ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"ड्रायव्हरला पट्टा दिसतच नाही,"
जरा वेळाने तेच म्हणाले.
"अकरा वर्षं चालवली. चालताना पट्टा एकदाही पाहिला नाही.
बुडाखाली ऐकला.
ताणून बसवला तर पिन तुटते,
ढिला सोडला तर वळताना उतरतो.
वरच्या अंगाला थोडा झोल लागतो.
किती, ते पुस्तकात होतं,
पण लेहणासिंग हातानं दाबून सांगायचा.
त्या दिवशी उसात तो नव्हता.
त्या दिवशी उतरला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
जिना उतरताना कठड्याला धरून
प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत गेले.

दुसऱ्या दिवशी हातात बुटाच्या दोन नाड्या,
काळ्या, टोकाला पितळ.
"कड्या नकोत तुमच्या. हे टाका आत.
पण लोंबू द्या."

पत्रे मी ब्लेडने सोडवले,
एकाचा कोपरा मोडला, मोडलाच राहू दिला.
पितळी टोकं कापली,
नाडी चिकटवली, सैल सोडली.
त्यांनी बोट घातलं, दाबलं.
"जास्त झाला."
ओढली.
"आता कमी."
पाच वेळा असं.
सहाव्यांदा बोट आतच राहिलं,
त्यांची मान तिरकी,
दुरून काही येतंय का
ऐकत असल्यासारखी.

बायको दाराशी, हातात गाळणी,
कड्या भलत्याच वाटीत ओतलेल्या :
"चहा कशात गाळू?
आणि दोघांचा हा काय झोल चाललाय?"

दफेदार आधी हसले.

"चार मिलिमीटर," मी म्हणालो.