भिंतीतला खडा

मातीत शेण किती घालायचं
ते मला विचारा.
बाकी सगळं अयिम्पोकाचं.

सिरिगूत पुरुष भिंती उभ्या करतात आणि बाजूला होतात.
पुढचं बायकांचं:
लाल माती, उगाळलेला काळा दगड, पांढरा खडू,
वरून शेंगांचं उकळलेलं पाणी,
म्हणजे रंग धरून राहतो.
आई म्हणायची, तीन रंग पुरे,
चौथा मागितलास तर समजेन, काहीतरी झाकायचंय.

तामालेच्या इस्पितळातून अयिम्पोका परत आली
तेव्हा सत्तावीसची होती.
डोकं खापरासारखं गुळगुळीत,
झग्याची डावी बाजू सपाट.
सासूने तिला वेगळं वाडगं दिलं,
भोपळ्याचं, नवंकोरं.
नव्या वाडग्यातला अपमान
कुणाला दाखवता येत नाही.

कुणी म्हणालं नजर,
कुणी म्हणालं पूर्वज रागावले.
दुखत नव्हतं म्हणून ती दीड वर्ष गप्प राहिली,
हे कुणीच म्हणालं नाही.

मग हरमॅटन सुटला.
दातांत वाळवंटाची धूळ, ओठांना चिरा,
भिंती रंगवायचे दिवस.
ती उजव्या हाताने लिंपत होती.
डावा खांद्याच्या वर जात नव्हता.

दाराशेजारी, जिथे आम्ही अजगर काढतो,
तिने दोन स्तन घडवले, ओंजळीएवढे, मातीचे.
आमच्या आजीच्या घरावर होते तसे.
कुणाला काही वाटलं नाही.
दुसऱ्या सकाळी, माती अर्धी ओली असताना,
विळ्याने त्यातला एक कापला.
कडा ओल्या हाताने बसवल्या,
वर एक आडवी काळी रेघ,
आणि रेघेभोवती फुटक्या भोपळ्याची नक्षी,
त्रिकोणाला लागून त्रिकोण,
जी आम्ही पाच वर्षांच्या असल्यापासून काढतो
आणि भोपळा फुटला कसा, ते कधी विचारत नाही.

म्हाताऱ्या आल्या. एक थुंकली.
"भिंतीची अब्रू घालवलीस."
"हात लावून बघा," ती म्हणाली.
"कशाला?"
"उरलाय त्याला."

त्यात तिने खडा पुरला होता.
शेंगदाण्याएवढा, गिलाव्याखाली.
डोळ्यांना दिसत नाही.
तीन बोटं सपाट ठेवून गोल फिरवली
की लागतो.
दाबला तरी हलत नाही.

आता पाण्याला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करतात.
एक हात डोक्यावरच्या घड्याला, एक भिंतीला.
पोरी खिदळत येतात,
बोटाखाली खडा आला की गप्प होतात.
सासू आली भर दुपारी, सगळे झोपल्यावर.
"लिंपण वाळलं का बघतेय," मला म्हणाली.
बराच वेळ बघत होती.

अंडी विकणारी असिबी रात्री आली, दिवा न घेता.
"भिंतीत आहे ना, तसा..."
पुढचं वाक्य तिला जमलं नाही.
उजाडायच्या आत दोघी गाडीत बसल्या,
मांडीवर अंड्यांची पाटी,
वाटेत विकून परतीचं भाडं काढायचं होतं.

तिथला लाल रंग आता उडालाय.
बोटांनी घासून खालची माती चकाकते.
मी म्हटलं, पुन्हा रंगवू या.
अयिम्पोका नको म्हणाली.
मग हात धूत, माझ्याकडे न बघता,
"तू लावलास हात?"
"रोजच की. लिंपते कोण?"
"भिंतीला नाही विचारलं."

तो खडा मीच आणला होता ओढ्यातून.
वीसेक तरी चाचपले असतील.
हा मोठा, हा टोकदार,
हा सरकतो, चालणार नाही.
कसा हवा ते मला नेमकं कळत होतं.

माझ्या बोटांना सगळं माहीत आहे.
रात्री त्यांना पांघरुणाबाहेर ठेवून
झोपते मी.