गळती कुठून

पत्रा सोलायला अडीच दिवस लागले.
एकोणीसशे एकसष्टचे स्क्रू, डोकी गंजून गुळगुळीत,
प्रत्येकाला आधी तेल, मग शिवी, मग ड्रिल.
पत्रा निघाला तेव्हा कळलं
की भिंत अशी नव्हतीच :
बाहेर रंगवलेलं ॲल्युमिनियम, आत बर्चची पातळ फळी,
आणि मधे लाकूड आहे
अशी आमची सगळ्यांची ठाम समजूत.

टोच्या लावला. मुठीपर्यंत गेला.
कॉफीत बुडवून विसरलेल्या पावासारखं लाकूड.
काचेच्या लोकरीत उंदरांनी केलेलं घर,
त्यात एका लाल मोज्याची टाच.
माझ्याच असणार.

बाबा खुर्ची टाकून बसलेत,
सत्त्याऐंशी वर्षं, पायावर घोंगडी,
सप्टेंबर आत्ता कुठे संपतोय तरी कानटोपी.
"टिकलं असतं अजून," म्हणतात.
सगळ्याच गोष्टींबद्दल त्यांचं हे मत आहे :
विहिरीचा पंप, स्वतःचा गुडघा, माझं लग्न.

मी गळती शोधत होते.
पाणी वरून येतं, एवढं तर कुणीही सांगेल.
पुढचा कोपरा कुजला, समजलं, तिथे दिव्याचं भोक होतं.
दाराखालची पट्टी गेली, तेही समजलं.
पण डावी बाजू,
जिथे आमची बाकं होती एकावर एक,
रुडी वर, मी खाली,
तिथे पत्र्याला शिवण नाही, खिडकी नाही,
एक चुकार स्क्रूसुद्धा नाही
आणि तरी दोन उभ्या पट्ट्या लोण्यासारख्या मऊ,
बरोबर उशांच्या उंचीवर.

पत्रा परत टेकवून धरला,
क्लेटसनं नळीनं अर्धा तास पाणी मारलं.
आत थेंब नाही.
"वाइनो, हे कुठून?" तो ओरडला,
बाबांच्या चांगल्या कानाच्या बाजूनं.

बाबा काठी टेकत आले.
अंगठ्यानं लाकूड दाबलं, अंगठा वासून पाहिला.
"पाऊस नाही हा.
खाण बंद पडली त्या हिवाळ्यात
आपण चौघं यातच होतो. नोव्हेंबर ते एप्रिल.
फटी मीच बुजवल्या सगळ्या, वर्तमानपत्रं कोंबून.
सकाळी तुमच्या डोक्यांपाशी भिंतीला बर्फ असायचा.
आतून.
हिल्मा लोण्याच्या सुरीनं खरवडायची,
तुम्ही उठायच्या आत."

मला तो हिवाळा सहल म्हणून माहीत होता.

मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.
क्लेटसनं नळी गुंडाळली, नीट होती तरी पुन्हा गुंडाळली.
मी त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिले.
हे रुडीचं खोकणं.
हे माझं झोपेतलं बडबडणं, सहा महिन्यांचं,
लाकडानं शब्द न् शब्द पिऊन घेतलेलं.

कुजकी पट्टी फेकली नाही.
पाईनच्या नव्या फळीवर तिला अलगद ठेवली,
भुगा सांडू न देता कडेनं पेन्सिल फिरवली.
चांगलं लाकूड लागेपर्यंत कापत गेले,
मग अर्धी खाच जुन्यात, अर्धी नव्यात,
सरस, दोन शिकंजे, ओला फडका.
सांधा बसला तेव्हा आवाज आला,
दाताखाली बडीशेप फुटावी इतकाच.

"वर बोटभर जागा सोड," बाबा म्हणाले,
"सगळं बंद करू नकोस."
हा माणूस जन्मभर
घरभर दारं लावत हिंडला.

संध्याकाळी सरोवराकडून गार वारा सुटला.
त्यांना खुर्चीसकट आत नेऊन बसवलं,
नुसत्या सांगाड्यात, जिथे खालचं बाक होतं तिथे.
राईचा पाव खाल्ला, मासा खाल्ला.
ते काहीतरी सांगत होते रुडीच्या बुटांबद्दल,
आणि तोंडची वाफ
नव्या-जुन्या फासळ्यांमधून
सरळ बाहेर जात होती, झाडांकडे.

पत्रा उद्या.
क्लेटसला सातला ये म्हटलंय.
तो नऊला येईल.