चाखण्याचा रकाना

फोंड्याच्या बसस्टँडमागे माझी खाणावळ,
गल्ल्यामागच्या भिंतीवर मडगावच्या डॉक्टरीणबाईंचा तक्ता:
सातला कोमट पाणी, नऊला एक पोई,
दुपारी उकड्या तांदळाचं शीत, पाऊण वाटी.
पाऊण!
तेवढं तर आमचं मांजर ताटात टाकतं.

तरी पाळते.
गिऱ्हाइकांची ताटं उचलताना
तळल्या बांगड्याच्या शेपटाकडे बघत नाही.
पण हुमण?
वाटण उकळलं की तळहातावर एक थेंब,
सोलं पडली की एक, मीठ घातलं की दोन,
आणि टोप तर दिवसाला चार.
फोनवर विचारलं.
बाई हसल्या, ते धरू नका हो, प्रेमावती.

मी धरलं.
आठवडाभर तळहात कोरडा,
काटा पाऊण किलो मागे.
बुधवारी कदंबाचा ड्रायव्हर गुरुदास
अर्ध्या ताटावरून उठला,
हात धुताना म्हणाला,
"आज बरं नाही काय तुला?"

रात्री टोप घासायला घेताना
तळाच्या हुमणाला बोट लावलं.
अळणी.
नुसतं अळणी नाही, दुसऱ्या कुणाच्या घरचं.

वही उघडली, तारीख घातली,
शिताखाली एक ओळ वाढवली:
चव, एक बोट.
मग पुन्हा बुडवलं.
खोडून दोन केलं.