पंधरा मोजेपर्यंत

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मिरजेत,
रूथ सिस्टरनं मला हात धुवायला शिकवलं.
नखांच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत,
आणि मग नळ कोपरानं बंद करायचा.
आमच्या सांगलीतल्या नळाला तेवढी अक्कल नाही.
आई येते, पदरानं बंद करते.

मी मार्केट यार्डात तोलार.
तीस वर्षं हळद तोलली,
हरिपूरच्या पेवातली की गोदामातली, वासावर सांगतो.
रंग भेगांत बसलाय, निघत नाही.
सिस्टर म्हणाली, रंगाचं काही नाही हो,
दिसतं त्याची भीती नसते.

त्रिशलाच्या छातीतून नळी येते, टोकाला बूच.
बूच उघडण्याआधी स्पिरिटच्या बोळ्यानं घासायचं
पंधरा मोजेपर्यंत,
मग वाळू द्यायचं. फुंकर घालायची नाही.
ओलं दिसलं की माणूस फुंकतो,
पोराला चटका बसला तरी फुंकतो.
इथं नाही.

आई म्हणाली, भोकाभोवती चिमूटभर हळद लाव,
घरात पोत्यानं पडलीय.
जिच्यावर घर चाललं
तिलाच मी दारात थांब म्हणालो.
आई दोन दिवस बोलली नाही.

मंगळवारी नळी धुतली. सलाइन दहा मिली,
ढकल, थांब, ढकल, थांब.
वीस मिनिटांनी तिचे दात वाजायला लागले.
मे महिना, पत्रा तापलेला,
दोन वाकळा, वर मी आडवा,
तरी खाट हलत होती.
ताप एकशे तीन.

रिक्षात मी मागं मोजत गेलो.
पंधरा मोजले का तेरा?
मध्ये फोन वाजला होता अडत्याचा.
बूच हातात होतं का ताटलीत?
पोत्यामागं शंभर ग्रॅमची चूक नाही माझी
तीस वर्षांत.

दोन ठिकाणचं रक्त घेतलं,
एक नळीतलं, एक हाताच्या शिरेतलं.
नळीतलं आधी उगवलं.
डॉक्टर 'उगवलं'च म्हणाले.
पांढऱ्या पेशी दोनशे,
राखणीला कोणी नाही आणि आत पेरणी झालेली.

विचारलं, माझ्या हातानं?
म्हणाले, बहुतेक तिच्याच कातडीवरचे जंतू,
नळी जुनी झाली की आत वस्ती करतात.
तो 'बहुतेक' घेऊन मी घरी आलो.
अजून तोच धुतोय.

सात महिने जिच्यातून औषध गेलं
ती नळी ट्रेमध्ये पडली,
शेवईएवढी.

आता नवी उजवीकडे. डावीकडे वण.
रात्री नऊला पंखा बंद, दार लोटलेलं, फोन आईकडे.
मी घासतो, त्रिशला मोजते.
पंधराच्या पुढं जाते, सतरा, अठरा,
मी थांबवत नाही.

परवा अकराला तिला ठसका लागला.
तोंड तिकडं वळवून खोकली,
डोळे पुसले,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,
नवा बोळा घ्या. एक.