एक दात मागे

रविवार. नळाला पाणी यायचा दिवस नव्हता,
म्हणून अंगण कोरडं होतं आणि मला वेळ होता.
इलाही मिस्त्री म्हणाले होते, "आठ हजार, मॅडम.
टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिन अर्धं उतरवावं लागतंय."
आठ हजार माझ्याकडे होते.
तरी मी नुसता पट्टा विकत घेऊन घरी आले.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

पुढचं उजवं चाक काढलं.
इंजिनाखाली जॅक, जॅकवर जेवायचा पाट,
लग्नात आलेला, कडेला नावं कोरलेला.
बहिणीचा बसवेश मोबाइलचा उजेड धरून बसला,
एका हातात उजेड, दुसऱ्या हातात काकडी.
बोल्ट निघतील तसे इडलीपात्रात ठेवत गेले,
एका खळग्यात एका जागेचे,
परत जाताना वाट चुकायला नको.

पुलीचा मोठा बोल्ट हलेना.
पान्याला बोअरच्या पाइपचा तुकडा लावला
आणि चप्पल काढून त्याच्यावर उभी राहिले,
दवाखान्यातल्या वजनकाट्यावर राहावं तशी.
भिंतीवरून चाँदबी आपा:
"काय करलालीस गं बाई?"
मी तोंड उघडायच्या आत बोल्टानंच उत्तर दिलं.
कडाक्.

झाकणाआड तीन चाकं.
खाली दट्ट्यांचं, वर झडपांचं, बाजूला डिझेलच्या पंपाचं,
आणि तिघांना धरून काळा दातेरी पट्टा,
टाचेला असतात तशा भेगा पाठीवर.
कुठल्या साली बसवला, सांगणारं कोणी नाही.
किलोमीटरचा काटा एक लाख चाळीसवर थांबलाय
आणि डॉक्टर बिरादार तीन वर्षांमागे गेले.

प्रत्येक चाकावर कंपनीची एक खाच असते.
खाच खुणेसमोर आली की तिघं एका क्षणात आली.
नाहीतर झडप उतरते तेव्हाच दट्टा चढतो,
मग मिस्त्री आकडा सांगत नाही,
गाडीकडे बघून नुसता चहा मागवतो.

खालची जुळवली. वरची जुळली.
पंपाची जुळेना.
एक दात मागे.
आणि त्या मागच्या दातावर पिवळा ऑइलपेंट,
बारीक ब्रशनं निगुतीनं दिलेला टिपका,
समोर इंजिनावर त्याचा जोडीदार.
पिवळ्यासमोर पिवळा. एकदम बरोबर.

मी पाना खाली ठेवला.
कुणाच्या तरी हातून एक दात सुटला होता.
दिवस बुडत आला असेल, गिऱ्हाईक उभं असेल.
त्यानं पट्टा परत काढला नाही.
चुकीलाच खूण केली.

आणि डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत राहिले,
मला किल्ली देतानाही हसून म्हणाले,
"सकाळी जरा खोकते. तोगरीच्या चढाला धूर सोडते.
स्वभाव आहे तिचा. सांभाळून घ्या."
मी घेतलं.
चढ आला की एसी बंद, गाणी बंद,
मागच्या सीटवरच्या बायाही आपोआप गप्प,
जशा कोणी आजारी माणसाच्या खोलीत.

"मावशी, कुठल्या खुणेला लावायचा?"
उजेड हलायला लागला होता. काकडी संपली होती.
थांब, म्हटलं.
चालत तर होतीच की गाडी.

मग थिनरच्या चिंधीनं पिवळा पुसला.
तीनदा पुसावा लागला.

नवा पट्टा कडक, नव्या वहाणेसारखा.
तो बसवून, ताणून, पान्यानं दोन पूर्ण फेरे, हातानंच,
कुठे काही अडतंय का, कान देऊन.
खाचा फिरून आपापल्या दारात आल्या.
किल्ली मारली.
अर्ध्या फेऱ्यात उठली.
न खोकता.
बसवेश म्हणाला, "बंद पडली का?"

सोमवारी संध्याकाळी आपा भिंतीपाशी:
"आज गेली न्हवतीस व्हय? धूर दिसला न्हाई."
गेले होते, म्हटलं.

इडलीपात्रात एक बोल्ट उरलाय.
बसवेश म्हणतो झाकणाचा. मला पटत नाही.
पात्र घासून फळीवर ठेवलं.
बोल्ट खिडकीत आहे, येताजाता बघते.