कोरी बाटली

बेतूलला पिएदादच्या ओसरीवर
खुरसाच्या शेजारी, जरा खाली,
करवत माशाची करवत टांगलेली.
तीन हात लांब. दात एकोणचाळीस,
एक पडलेला; त्या खाचेत कोळ्याचं जाळं.

"कायतानच्या बापानं आणलेला," ती म्हणाली.
"जाळ्यात हा नव्हे, ह्याच्यात जाळं अडकलं होतं."
मी बारीक गिरमिटानं
दाताच्या मुळाशी चिमूटभर भुकटी काढली.
उरलेली तिनं झग्याच्या टोकानं टिपली,
पोराचं नाक पुसावं तशी.

कायतान होडीत एवढंच बोलला:
"पुरावा दे. मुखात जाळं टाकत नाही."

ओहोटी सरताना, मोबोरच्या दांड्यापाशी
सहा बाटल्या पाणी घेतलं.
मासा निघून गेला तरी पाण्यात काही उरतं,
चिकटा, मूत, कातडीचा कण,
एक दिवस, फार तर दोन.
सातवी बाटली प्रयोगशाळेतूनच भरलेली,
शुद्ध पाण्याची. ती नुसती फिरवून आणायची.
काही न सांगणं हेच तिचं काम.

दोना पावलाला मंगळवारी रात्री
छत्तिसाव्या फेरीला पडद्यावरची रेघ उचलली.
खोलीत कुणी नव्हतं, तरी मी उठून उभी राहिले.
आहे.
साळच्या मुखाशी तो आहे.
पिएदादला सांगायला फोन घेतला.
साडेबारा वाजले होते. ठेवला.

मग सातवीची रेघही उचलली.

जिथं मीठ नाही, चिखल नाही, भरती नाही
त्या चार घोट पाण्यातही तो पोहत होता,
पिएदादच्या भिंतीवरून उतरून
माझ्या नखात बसून आलेला,
सत्तर वर्षांपूर्वी मेलेला मासा.

नोंदवहीत लिहिलं:
सहाही नमुने बाद. कारण, मी.

पुढच्या अवसेला पुन्हा गेले.
नवे मोजे, नव्या बाटल्या.
"आत ये, चहा घे."
म्हटलं, आज ओसरीवर नको.
"माझ्या घराचा विटाळ होतो तुला?"
मी करवतीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या नखांकडे.
ती बराच वेळ बघत राहिली.
कप बाहेरच्या गडग्यावर ठेवून
मागे सरली.

होडीत सातवी बाटली मी वेगळ्या पिशवीत घेतली.
बाकी सहाजणींपाशी काय मागायचं
ते कायतानलाही ठाऊक होतं.
हिला म्हटलं,
बाई, तू गप्प राहा.