अर्धा लिटर जादा

जुलैची एकोणतीस. सोहारमध्ये रात्रीचे अकरा,
तिकडे साडेबारा.
खिडकीतला एसी बादलीत थेंब टाकतोय
आणि मी, थिएटरची ड्यूटी उरकून,
स्पिरिटचा वास केसांत तसाच ठेवून
आयकर खात्याच्या दारात उभी.

दार विचारतं, आपण कोण?
निवासी.
अनिवासी.
आणि एक तिसरंच, कुणी रचलंय कोण जाणे :
निवासी, पण सामान्यतः निवासी नव्हे.
त्या ओळीवर मी दरवर्षी थोडी रेंगाळते.
ती माझी नाही. मिठारी सीएंनी बजावलंय,
"मॅडम, तुम्ही सरळ अनिवासी. भावनेत जाऊ नका."

इथल्या पगाराला कर नाही.
रियाल येतो तो अख्खा येतो
आणि वीस तारखेच्या आत अख्खा जातो.
तिकडे मात्र गडहिंग्लजचा दोन खोल्यांचा फ्लॅट,
त्यात हुल्याळकर सर. त्यांनी कायदा कुठेसा वाचलाय,
दर महिन्याला घाबरून विचारतात,
"ताई, तुमचं मी किती कापायचं?"
ठेवीच्या व्याजातून बँक न विचारताच कापते,
शंभरातले एकतीस रुपये वीस पैसे.
ते वीस पैसे मला फार लागतात.

मग दिवस.
गेल्या वर्षी भारतात किती दिवस होता?
पासपोर्टवर शिक्के धड उमटत नाहीत,
मस्कतच्या दारात तर यंत्रच तोंड बघून सोडतं.
बोर्डिंग पास फ्रीजवर लावून ठेवले होते,
त्यांची शाई उडत चाललेली.

आप्पा एसटीत टाइमकीपर होते, बत्तीस वर्षं.
गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली,
मधलं सगळं ड्रायव्हर-कंडक्टरचं.
म्हणाले, "थांब, दुधाचं कॅलेंडर हाय की."
शेजारच्या पोराकडून फोटो धाडला.

आई गेल्यापासून रोज अर्धा लिटर.
मी असले की एक.
मे महिन्याच्या चौकोनांत निळ्या पेनाने १, १, १,
डिसेंबरातही.
बोटाने मोजले. चव्वेचाळीस.
बोर्डिंग पास ट्यूबच्या उजेडात धरून मोजले. एक्केचाळीस.

ऑपरेशनच्या टेबलाशी आम्ही गॉजचे तुकडे असेच मोजतो,
आधी आणि शेवटी, मोठ्याने, दोघी मिळून.
मेळ बसल्याशिवाय पोट शिवत नाहीत.

काल फोन लावला.
"आप्पा, नऊ मेला मी आले नव्हते अजून."
"न्हवतीस. पण लवकर आली असतीस तर?"
"विमान एक दिवस आधी येत नाही, आप्पा.
आणि डिसेंबरात अठ्ठावीस, एकोणतीस?
मी सत्तावीसलाच निघाले."
बराच वेळ तिकडचा पंखा ऐकला.
"दूधवाल्याला सांगायचं राहिलं," म्हणाले.
मग, "वाया न्हाई घालवलं. मांजरीला घातलं.
थोडं विरजलं."

मिठारींना विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे :
पोचल्याचा दिवस धरा, निघाल्याचा धरा,
दुधाचा धरू नका.
तसंही एकशे ब्याऐंशी कुठल्या कुठे,
चव्वेचाळीस काय नि एक्केचाळीस काय,
सरकारचं काही बुडत नाही.

रकान्यात एक्केचाळीस भरलं.
परतावा तीन हजार एकशे चाळीस, येईल तेव्हा येईल.
ओटीपी गेला तिकडच्या सिमवर,
तो फोन आप्पांच्या उशाशी. जागेच होते.
एकेक आकडा वाचला,
डेपोत गाडीचा नंबर पुकारावा तसा,
सहाच्या सहा, दोनदा.

"लागली का गं?"
"सुटली, आप्पा."

एसीची बादली भरत आली होती.
ती ओतून आले.